सरंजामेदादांच्या टोपीतली डहाळी

सरंजामेदादा कुणाच्याही घरी गेले की दारातल्या पायपुसण्यावर आधी डावा बूट तीनदा घासायचे, मग उजवा तीनदा. कमी नाही, जास्त नाही. बूट कोरडे ठणठणीत असले तरी. मग वाकून बुटांचे तळ बघायचे, 'आल्झो', म्हणजे 'चला तर', म्हणायचे आणि आत पाऊल टाकायचे. जर्मनीत ब्राउनश्वाइगला मी नवीन आले तेव्हा मला या सवयीचं फार कौतुक वाटलं होतं. इथं राहून माणूस किती नीटनेटका होतो बघ, असं मी आईला फोनवर सांगितलं होतं. आज ते कौतुक आठवायला नको वाटतं.

'दादा' मी त्यांना आपणहून म्हटलं नाही. ऑफिसात पहिल्या दिवशी मी 'सर' म्हणाले तर त्यांनी हात वर केला. "इथं सरबिर काही नाही हं. मला सगळे दादा म्हणतात." सगळे म्हणजे आम्ही चार-पाच मराठी पोरं-पोरी. जर्मन लोक त्यांना मिलिंद म्हणायचे. आमच्या गाड्यांच्या सॉफ्टवेअरच्या टीमचे ते लीड होते. पन्नाशीच्या अलीकडचे, कर्वेनगरचे, कातरलेली मिशी, बारा महिने हिरवं जाकीट. अठरा वर्षं जर्मनीत काढलेली. मला तिथं कायम करायचं की नाही हे त्यांच्या सहीवर होतं, आणि माझा व्हिसा त्या नोकरीला बांधलेला होता. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं त्यात माझं तोंड का शिवलं गेलं ते यातच आहे.

त्यांना सल्ला देण्याचं व्यसन होतं. सल्ला मागायची गरज नसे. तुम्ही नुसते नवे असलात तरी पुरे. "नवशिक्यानं तीन गोष्टी लक्षात ठेवायच्या," अशी सुरुवात, आणि अंगठ्यापासून बोटं मोजायची. घराची नोंदणी कुठल्या खिडकीवर करायची, बेकरीत पावाकडे बोट का दाखवायचं नाही, रविवारी ड्रिल मशीन का लावायचं नाही. माझ्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा चहाच्या आधी त्यांनी कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत हात घातला, माझा दह्याचा डबा बाहेर काढला आणि त्याचं झाकण सोलून वेगळं केलं. "झाकण वेगळं, डबा वेगळा. नियम माहीत असला की भीती नाही." हे त्यांचं पेटंट वाक्य. बोटाला लागलेलं दही त्यांनी माझ्याच टॉवेलला पुसलं. त्याचा नियम बहुतेक नव्हता.

शिकारीचं खूळ कधी शिरलं ते मला माहीत नाही. मी आले तेव्हा ते शिकारीचा परवाना काढायच्या कोर्सला जात होते. इथं तो परवाना मिळवणं सोपं नाही. कित्येक महिने अभ्यास असतो, लेखी, तोंडी, नेमबाजीची अशी परीक्षा असते. दादांचं म्हणणं असं की जर्मन माणूस तीन गोष्टींनी परक्याला आपला मानतो: कुत्रा, बाग आणि बंदूक. "कुत्र्याची मला ऍलर्जी. भाड्याने मिळणाऱ्या बागेसाठी यादीत नंबर लागायला पाच-सात वर्षं. राहिली बंदूक." ते हे हसत सांगायचे, पण मनापासून सांगायचे. हरणाशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं. त्यांना ती हिरवी टोपी हवी होती.

पहिल्याच फटक्यात पास झाले. खोटं कशाला बोलू, अभ्यासाला माणूस वाघ होता. त्यानंतर ऑफिसातल्या कॉफी मशीनजवळ नवशिक्यांसाठी हरणाच्या शिकारीचे धडे सुरू झाले. समोर कोण आहे, त्याला शिकारीत रस आहे का, याच्याशी मतलब नाही. एका जैन मुलालासुद्धा त्यांनी वीस मिनिटं ऐकवलं. प्राणी पूर्ण ओळखल्याशिवाय बोट चापावर न्यायचं नाही. प्राण्याच्या मागे माती दिसली पाहिजे, आभाळ दिसलं तर गोळी मारायची नाही, ती कुठल्या कुठे जाईल. हरीण आडवं उभं राहील तेव्हाच मारायचं, खांद्याच्या मागे, चार बोटं. गोळी लागली की खाली उतरून धावायचं नाही, थांबायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, हे सांगताना ते आवाज खाली आणायचे, "गोळी चुकली असं वाटलं तरी जागा दाखवायची आणि माग काढायला कुत्रा बोलवायचा. प्राण्याला तडफडत सोडतो तो शिकारी नव्हे, खाटीकसुद्धा नव्हे." त्यांचे डोळे खरोखर पाणवायचे. मला तेव्हा वाटलं, माणूस हळवा आहे.

मग त्यांनी आम्हाला जेवायला बोलावलं. "माझ्या रानातलं हरीण," असं निमंत्रणात लिहिलं होतं. स्मितावहिनी, म्हणजे त्यांच्या बायको, शाकाहारी. घरात देव. त्यांनी स्वयंपाकघराच्या एका कोपऱ्यात वर्तमानपत्र पसरून दिलं होतं आणि दादा तिथं वेगळ्या कुकरमध्ये मटणासारखं सुकं करत होते. जेवताना त्यांनी पहाट, धुकं, आडवं उभं राहिलेलं जनावर, सगळं रंगवून सांगितलं. मी ताट ठेवायला आत गेले आणि उष्टं टाकायला कचरा उघडला. पिवळ्या पिशवीत सुपरमार्केटचं पाकीट होतं, फ्रोझन हरणाच्या मांसाचं. ते धुतलेलं होतं आणि वरचं प्लास्टिक खालच्या ट्रेपासून सोलून वेगळं केलेलं होतं. मागे वहिनी उभ्या होत्या. "अहो, त्यांना बोलू नका काही," त्या मला म्हणाल्या. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठी बाई मला 'अहो' म्हणत होती. मी गप्प बसले आणि बाहेर जाऊन 'छान झालंय' म्हणाले. गप्प बसायचा सराव माझा तिथून सुरू झाला.

मी तेव्हा शहराबाहेर, एल्म नावाच्या डोंगरावरच्या जंगलाच्या पायथ्याशी एका खेड्यात राहत होते. घरमालक हेर आरेन्स, हेर म्हणजे श्रीयुत. सत्तरी ओलांडलेले, सुतारकामातून निवृत्त, हाताचं एक बोट अर्धं गेलेलं. कमी बोलायचे. दर शनिवारी माझ्या दाराच्या मुठीला अंड्यांची पिशवी अडकवलेली असायची. दार वाजवायचे नाहीत, आभार मानायला गेलं तर हात झटकायचे. त्यांच्याकडे आस्टा नावाची म्हातारी डॅकल कुत्री होती, आखूड पायांची, पोट जमिनीला घासत चालणारी. गावामागच्या रानातल्या शिकारीचा हक्क आरेन्स आणि दोन शेतकऱ्यांनी मिळून घेतला होता. इथं परवाना असून भागत नाही. ज्याचं रान आहे त्याने 'ये' म्हणावं लागतं. दादांना अजून कुणीही 'ये' म्हटलं नव्हतं.

हे सगळं मी दादांना बोलता बोलता सांगून बसले. "ओळख करून दे," ते म्हणाले. मीच करून दिली. माझ्यामुळे तो माणूस त्या रानात गेला, हे मला कुणी आठवण करून द्यायची गरज नाही.

पायपुसण्यावर तीनदा-तीनदा बूट घासून दादा आरेन्सच्या घरात शिरले, तेव्हा म्हाताऱ्याला ते आवडलं, मी बघितलं. त्यांनी दादांना एकही प्रश्न पुस्तकातला विचारला नाही. मचाण दुरुस्त करायला नेलं. दोन शनिवार दादांनी फळ्या वाहिल्या, हातमोजे घालून. मग आरेन्स म्हणाले, मे महिन्यात एक बोकड मारायला हरकत नाही. इथलं 'रे' हरीण म्हणजे आपल्या बकरीएवढं, नर त्याहून थोडा मोठा, त्याला इथले शिकारी बोकडच म्हणतात. त्यांनी अट एकच घातली: ऐंशी पावलांच्या पलीकडे गोळी नाही. "आणि गोळी सुटली," त्यांनी अर्धं बोट वर केलं, "की लागो न लागो, आस्टा जाणार. मला कळवायचं." दादा म्हणाले, "गेनाऊ, गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर. ते म्हणताना त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की बघ, हे सगळं मला आधीच माहीत होतं.

त्या रविवारी पहाटे मी त्यांच्याबरोबर मचाणावर का गेले? कुतूहल होतं. आणि गुरुवारी माझी सहा महिन्यांच्या प्रोबेशनची शेवटची मीटिंग होती. बॉसने 'चल' म्हटलं की चलायचं, एवढं सोपं होतं ते.

मचाणावर तासभर त्यांनी कुजबुजत नियम सांगितले. मग कुरणाच्या पार टोकाला, रास्पबेरीच्या झुडपांजवळ, बोकड बाहेर आला. उन्हं नुकती चढत होती आणि तो तांबूस रंगाचा दिसत होता. तो चरत होता, तिरका, आमच्याकडे पाठ करून. ऐंशी पावलं कसली, दीडशेच्या वर अंतर असेल. मी म्हटलं, "दादा, लांब आहे ना?" ते म्हणाले, "श्श." आणि आवाज झाला.

बोकड पडला नाही. त्याने पाठीची कमान केली, मागचे पाय झाडले आणि पोट आवळून, हळूहळू, जणू घाई नाही असा, झुडपांत गेला. दादांच्या तोंडावरचा रंग उतरला. पाठीची कमान म्हणजे काय हे त्यांनीच मला कॉफी मशीनजवळ शिकवलं होतं. म्हणजे गोळी पोटात गेली होती.

ते थांबले नाहीत. थांबायचं असतं हे हजारदा सांगणारा माणूस शिडीवरून घसरत उतरला. आम्ही त्या जागेवर पोचलो. गवतावर रक्त थोडं होतं आणि त्यात हिरवट-तपकिरी, अर्धवट चघळलेल्या पाल्याचा लगदा होता. वास आला. तो वास मी लिहू शकत नाही. आंबलेला, कोमट, आतला. मला ओकारी आली आणि मी बाजूला वाकले.

परत वळून बघते तर सरंजामेदादा त्या लगद्यावर बूट घासत होते. डावा तीनदा, उजवा तीनदा. टाचेनं गवत उपटून त्यावर माती ओढत होते. मग वाकून बुटांचे तळ बघितले.

"चुकली गोळी," ते म्हणाले.

"दादा, हेर आरेन्सना सांगू या. आस्टा..."

"काय सांगू? की दीडशेवरून मारली? पुन्हा पाऊल ठेवू देईल का म्हातारा? अख्ख्या गावात होईल ते वेगळंच." मग आवाज मऊ झाला. "तू टेन्शन घेऊ नकोस. तुझी गुरुवारी मीटिंग आहे ना? मी आहे की."

एवढंच म्हणाले. धमकी दिली नाही, डोळे वटारले नाहीत. त्या शेवटच्या दोन वाक्यांमध्ये जे होतं ते मला बरोबर कळलं, आणि मला कळलंय हे त्यांनाही कळलं.

आरेन्सनी आवाज ऐकलाच होता. ते कुंपणाशी उभे होते, आस्टाच्या गळ्यात लांब दोरी अडकवून तयार. दादा म्हणाले, सत्तर पावलांवर होता, चुकली. जागा त्यांनी कुरणाच्या अलीकडची दाखवली, मचाणाच्या डाव्या हाताची, जिथं काहीच झालं नव्हतं. आरेन्सनी माझ्याकडे बघितलं. "तू होतीस वर. तिथंच?"

"गेनाऊ," मी म्हटलं.

आस्टा दोन तास त्या चुकीच्या जागेभोवती फिरत राहिली. मी खिडकीतून बघत होते. म्हातारा तिच्यामागे वाकून वाकून गवताची पाती बोटांनी उलटत होता, चष्मा कपाळावर. शेवटी त्याने तिला उचलून घरी आणलं आणि तिचे पाय पुसले.

रविवार गेला. सोमवारी ऑफिसात दादांनी जेवणाच्या सुट्टीत सांगितलं की पहिली गोळी चुकणं हे उत्तम शिकाऱ्याचं लक्षण आहे, कारण तो अविचारानं मारत नाही. लोक हसले. मी पोळी डब्यात परत ठेवली. सोमवारी ऊन कडक पडलं होतं आणि माश्या झाल्या होत्या. मला सारखं एकच दिसत होतं, की तो अजून तिथं आहे.

मंगळवारी सकाळी ऑफिसला न जाता मी आरेन्सचं दार वाजवलं. सगळं सांगितलं, उभ्या उभ्या. रास्पबेरी, दीडशे पावलं, हिरवा लगदा, बूट. त्यांनी बूट चढवले. दोरी घेतली, बंदूक घेतली. आस्टाला योग्य जागा दाखवल्यावर ती पाच मिनिटांत झुडपांत शिरली आणि भुंकली.

तो जिवंत होता. दोन दिवस. उठायचा प्रयत्न करत होता आणि त्याच्या मागच्या भागाला ते जमत नव्हतं. जखमेत जे वळवळत होतं ते मी एकदाच बघितलं. आरेन्सनी मला मागे व्हायला सांगितलं आणि एका गोळीत ते संपवलं.

इथल्या शिकाऱ्यांचा एक रिवाज आहे, तो दादा आम्हाला मोठ्या भक्तिभावाने सांगायचे. मेलेल्या जनावराच्या तोंडात हिरवी डहाळी ठेवतात, त्याचा शेवटचा घास. दुसरी डहाळी शिकाऱ्याची, ती त्याने टोपीत खोवायची. कुत्र्याने जनावर शोधून काढलं असेल तर शिकाऱ्याने आपल्या डहाळीतला तुकडा मोडून कुत्र्याच्या पट्ट्यात लावायचा. आरेन्सनी ओकची डहाळी तोडून त्या सडायला लागलेल्या तोंडात ठेवली, नीट, बाळाला भरवावं तशी. दुसरी मोडली. अर्धी आस्टाच्या पट्ट्यात लावली. उरलेली अर्धी त्यांनी माझ्यासमोर धरली.

"ही ज्यानं मारलं त्याची. त्याला दे. आणि सांग, परत येऊ नको."

मग आस्टाची दोरी गुंडाळता गुंडाळता, माझ्याकडे न बघता म्हणाले, "रविवारी सकाळी सांगितलं असतंस तर दुपारपर्यंत झालं असतं."

मी ती डहाळी डब्यात घालून ऑफिसात नेली आणि दादांच्या टेबलावर ठेवली. निरोप सांगितला. थोबाडीत मारल्यासारखं होतं ते, आणि मला बघायचं होतं की गाल लाल होतो का. त्यांनी डहाळी उचलली, वास घेतला, उजेडात धरली. "म्हणजे लागली होती तर!" ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. खरं, निर्मळ, पोरासारखं हसू. परत येऊ नको हे त्यांच्या कानापर्यंत गेलंच नाही, किंवा गेलं आणि त्यांनी ते झाकणासारखं सोलून वेगळं ठेवलं. त्यांनी ती डहाळी हिरव्या टोपीत खोवली.

गुरुवारी मीटिंग झाली. त्यांनी सही केली, हात मिळवला, अभिनंदन केलं. मी 'थँक यू दादा' म्हटलं. हो, म्हटलं. त्या शनिवारी माझ्या दाराला अंड्यांची पिशवी नव्हती. पुढच्याही नव्हती. आरेन्स भेटले की मान हलवायचे, भाडेकरूला हलवतात तेवढी. मी दोन महिन्यांत शहरात खोली बघितली.

यंदा मी ब्राउनश्वाइग सोडून बॉनला नवी नोकरी घेतली. निघायच्या आधीच्या रविवारी मराठी मंडळाचं पाडव्याचं जेवण होतं, एका शाळेच्या हॉलमध्ये. सरंजामेदादा टोपी घालून आले होते. टोपीत तीच डहाळी होती, पानं वाळून चुरा व्हायला आलेली, वरून वार्निश मारलेलं. नव्या आलेल्या विद्यार्थ्यांना ते श्रीखंडाची वाटी हातात घेऊन शिकवत होते. नवशिक्यानं तीन गोष्टी. डॉक्टरेटला आलेल्या एका मुलीनं विचारलं, "सर, ही कसली डहाळी?"

"दादा म्हण. माझ्या पहिल्या बोकडाची. सत्तर पावलांवरून," ते म्हणाले आणि वाटीनं माझ्याकडे खूण केली. "विचार हिला. ही होती बरोबर."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. तो जुना शब्द, 'गेनाऊ', जिभेवर आलाच, सवयीनं. मी तो गिळला.

"दीडशेवरून मारली," मी म्हणाले. "पोटात लागली. यांनी त्यावर माती ओढली आणि चुकली म्हणून सांगितलं, आणि मी हो म्हटलं. तो दोन दिवस जिवंत होता. त्याला अळ्या पडल्या होत्या."

कुणीतरी हातातली वाटी खाली ठेवली. स्मितावहिनी पुऱ्या वाढत होत्या, त्यांनी परात खाली ठेवली आणि पहिल्यांदाच नवऱ्याकडे सरळ बघितलं. मग दादा हसले. "ही जरा हळवी आहे," ते म्हणाले. एक मुलगा खोकला आणि विचारता झाला, "पण दादा, परवाना किती महिन्यांत मिळतो?" आणि बोटं मोजणं पुन्हा सुरू झालं.

मी कोट उचलून बाहेर आले. अंगण ओलं होतं. ते माझ्या मागोमाग आले, टोपी हातात.

"काय मिळालं तुला हे बोलून? मी सही केली नसती तर आज कुठे असतीस?"

"म्हणून तर दोन दिवस लागले, दादा."

मला वाटलं, आता तरी काहीतरी होईल. चिडतील, मान खाली घालतील. ते डहाळीचं एक निसटलेलं पान बोटानं परत बसवत राहिले. ते बसलं तशी त्यांनी टोपी डोक्यावर घातली आणि आत जायला वळले. मला ते शेवटचे दिसले ते हॉलच्या दारात, पायपुसण्यावर. डावा तीनदा, उजवा तीनदा. मग त्यांनी वाकून बुटांचे तळ बघितले. ते स्वच्छ होते.